चढ कुणाचा?

ग्लायडरला इंजिन नसतं. त्यामुळे वर गेलो ते कुणामुळे, हा प्रश्न तिथे टाळताच येत नाही. ताशी 150 किलोमीटरने जाताना स्टिक मागे ओढून वेग 100 वर आणला, की गणिताने ग्लायडर जवळजवळ 49 मीटर चढतं. चढ-उताराचा वेग दाखवणारा साधा व्हेरिओमीटर हा चढ आनंदाने दाखवतो, पण हवेने त्यात काहीच दिलेलं नसतं. मुदत ठेव मोडून बचत खात्यात टाकली तर तिला कुणी पगार म्हणत नाही. खरी थर्मल म्हणजे वर चढणारी उबदार हवा; वैमानिक अशा खोट्या चढाला स्टिक थर्मल म्हणतात. तो खरा मानून गिरक्या घेऊ लागलेले नवशिके मी हडपसरच्या मैदानावर पुष्कळ पाहिले आहेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही तिथे पुढे म्हटलं आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण पाचव्याचा वाटा वेगळा काढायचा कसा?

टोटल एनर्जी व्हेरिओ तेच करू पाहतो. उंचीची आणि वेगाची ऊर्जा मिळून बेरीज वाढली, तरच काटा वर. स्टिकचा वाटा असा वजा करण्याच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत. खरी निवड प्रोब आणि इलेक्ट्रॉनिक यांच्यात आहे. नासातले अभियंते ओरॅन निक्स यांनी सुचवलेला प्रोब म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावर बसवलेली, किंचित पुढे झुकलेली बारीक नळी. तिला मागच्या बाजूने भोकं असतात. वेगामुळे पिटोत, म्हणजे समोर तोंड असलेल्या नळीत, जेवढा दाब वाढतो, तेवढाच इथे स्थिर दाबापेक्षा कमी होतो. वेग देऊन उंची घेतली की दोन्ही बदल एकमेकांना खातात आणि काटा हलत नाही. इलेक्ट्रॉनिक रीतीत पिटोतला दाब आणि स्थिर दाब दोन नळ्यांतून येतात आणि वजाबाकी नंतर गणिताने होते. एका नळीतला दाब जरा उशिरा पोचला, तरी नसलेली थर्मल दिसते. शिवाय तिथे वेगाच्या बदलाची भरपाई किती टक्के ठेवायची, हे आपल्या हातात असतं.

मी प्रोब निवडते. पावसाचा थेंब अडकला, शेपटीपासून पॅनेलपर्यंतच्या लांब नळीत कुठे गळती झाली, की तोही फसवतो. तरीही माझा वाटा काट्यापर्यंत पोचण्याआधीच वजा होतो, याला माझ्या लेखी मोल आहे. आधी श्रेय ऐकायचं आणि मग त्यातून स्वतःला वगळायचं, हे माणसाला फारसं जमत नाही.

समोरून वाऱ्याचा झोत आला की मात्र दोन्ही रीतींत काटा उसळतो. हवेच्या मानाने वेग वाढलेला असतो, जमिनीच्या मानाने नाही. मग काही मिळालं की नाही? सुरुवातीला मी याला यंत्राचा दोष म्हणत असे. आता म्हणत नाही. मिळकत कशाच्या मानाने मोजायची, हे प्रोबला विचारून कळणार नाही. ते आपणच आधी ठरवायला हवं. मी हवेचा हिशेब धरते, कारण पंखांना आधार तिचा असतो. पण झोत ओसरला की तो वाढलेला वेगही जातो, म्हणून वळण्याआधी काटा टिकतो का ते पाहते.