दैनंदिन धार्मिकतेचे मोजमाप

माणसाची श्रद्धा आणि धर्माचरण संख्येत मांडण्याचा प्रयत्न समाजशास्त्र व मानसशास्त्र दीर्घकाळ करत आले आहे. चार्ल्स ग्लॉक आणि रॉडनी स्टार्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात धार्मिकतेची श्रद्धा, विधी, अनुभव, ज्ञान आणि परिणाम अशी पाच अंगे सांगितली. मात्र ख्रिस्ती समाजासाठी बेतलेले प्रश्न मुस्लिमांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. प्रार्थनास्थळी किती वेळा जाता, हा त्यांपैकीच एक. जुम्म्याची सामुदायिक नमाज पुरुषांवर फर्ज (बंधनकारक) आहे, स्त्रियांवर नाही.

विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी निकष आणखी बदलतात. जकात (सक्तीचे धर्मदान) आणि हज ऐपतीवर अवलंबून असल्याने बहुतेकांवर ते बंधन नसते. जोहर (दुपार) आणि असर (दुपारनंतर) या नमाजांची वेळ अनेकदा तासिकांच्या वेळेत येते. म्हणून पाहण्याजोगे उरते ते रोजचे वागणे. नायजेरियातील संशोधक युनूसा ओलुफादी यांनी २०१७ मध्ये मांडलेली ‘मुडरास’ ही मापनश्रेणी उपासनेबरोबरच सत्कृत्ये आणि पापकृत्ये यांचीही दैनंदिन नोंद घेते.

सवय विचारण्यापेक्षा एका दिवसाचा हिशेब घेणे अधिक भरवशाचे ठरते. संशोधक फिलिप ब्रेनर यांनी २०१४ मध्ये पाकिस्तान, पॅलेस्टाइन आणि तुर्कस्तानातील आकडेवारी तपासली. थेट प्रश्नाला उत्तर देताना लोक नमाजेचे प्रमाण वाढवून सांगतात, हे वेळेच्या रोजनिशीशी केलेल्या तुलनेत दिसले. आपण कसे असायला हवे, याचे चित्र त्या उत्तरात मिसळते. तरीही एका दिवसाची नोंद जपूनच वाचावी लागते. मासिक पाळीत स्त्रीला नमाज माफ असते, त्यामुळे तिच्या नोंदीतले शून्य म्हणजे हयगय नव्हे. रमजानमधला दिवसही इतर दिवसांचा प्रतिनिधी ठरत नाही.

या मोजणीच्या मुळाशी इस्लामी धर्मशास्त्रातला जुना वाद आहे. विधिज्ञ अबू हनीफा यांच्या मते ईमान (श्रद्धा) म्हणजे अंतःकरणातील विश्वास आणि वाणीने दिलेली कबुली. ते कर्माने वाढत वा घटत नाही. अहमद इब्न हनबल कर्माला ईमानाचेच अंग मानतात, म्हणून ते आज्ञापालनाने वाढते आणि पापाने घटते. कर्मांच्या बेरजेला ईमानाचे माप मानणारा संशोधक नकळत दुसरी बाजू घेतो. शिवाय कर्माचे मोल हेतूवर ठरते, असे सांगणारी हदीस (पैगंबरवचन) बुखारींच्या हदीस-संग्रहात अगदी प्रारंभी येते. दिखाव्याची नमाज आणि मनापासूनची नमाज प्रश्नावलीत सारखेच गुण मिळवतात.

म्हणूनच अशा श्रेणीचे गुण आचरणाचे माप म्हणून वाचावेत. अभ्यासाचा ताण, एकाकीपणा किंवा व्यसन यांच्याशी आचरणाचा संबंध शोधण्यास ते उपयोगी पडतात. विद्यार्थ्याच्या ईमानाची प्रतवारी लावण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाही.