मात्रा जाणा : ताटावरचा मध्यम मार्ग





वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारात रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दुःख, तृष्णा, शील, करुणा यांवर प्रवचने होतात. आज मी तुमच्याशी ताटाविषयी बोलणार आहे. भाकरी, भात, मीठ, तेल आणि पायी चालणे यांविषयी बोलणार आहे. कुणी म्हणेल, "गुरुजी, हा काय धम्माचा विषय झाला?" बंधूंनो, हा धम्माचाच विषय आहे. शील पाळायचे ते याच देहाने, मुलांना शिकवून मोठे करायचे तेही याच देहाने. हा देह कशावर पोसला जातो आणि कसा वापरला जातो, याचा विचार उपासकाने करायचा नाही तर कुणी करायचा?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या आजा-पणजांच्या काळी ताट आपल्या हाती नव्हते. गावाने टाकलेले शिळे-उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस हेच त्यांच्या वाट्याला येई. 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की हे मृत मांस सोडा, हे उष्टे तुकडे सोडा, स्वाभिमानाने जगा. चवदार तळ्याचे पाणी आणि ताटातले अन्न या दोन्ही गोष्टी त्या एकाच परिषदेत पुढे आल्या, हे विसरू नका. पाण्याचा हक्क मिळवायचा आणि लाचारीचे अन्न नाकारायचे, असा तो दुहेरी संग्राम होता. आज ताट आपल्या हाती आले आहे. मग आता त्या ताटावर आपण कसे बसतो, हा प्रश्न आपला आहे.

भगवंताच्या काळातील एक प्रसंग सांगतो. कोसल देशाचा राजा प्रसेनजित हा मोठा खाणारा होता. एका बैठकीला तो द्रोणभर भात खाई. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीला आला. भगवंतांनी त्याची ती अवस्था पाहिली. त्यांनी राजाची निंदा केली नाही, त्याला पापीही म्हटले नाही. त्यांनी एक लहानशी गाथा सांगितली. तिचा आशय असा की, जो माणूस नेहमी सजग असतो आणि मिळालेल्या भोजनाची मात्रा जाणतो, त्याच्या व्यथा कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो आणि त्याचे आयुष्य जपले जाते.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवण वाढले जात असताना ती म्हणायची, असे काम दिले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण मिळत. राजाने आपला आहार एकदम तोडला नाही. तो क्रमाक्रमाने कमी करीत नाळीभर भातावर आला. पुढे त्याचे शरीर हलके झाले, तेव्हा तो स्वतःच्या अंगावरून हात फिरवून म्हणाला की भगवंतांनी माझ्यावर उपकार केले.

या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. राजाने आपला दोष मान्य केला. आठवण करून देणारा माणूस त्याने स्वतः जवळ ठेवला. आणि बदल त्याने हळूहळू केला. आहाराची सवय लावण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही. पालीत या गुणाला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात. भोजनातील मात्रा जाणणे, हा त्याचा सरळ अर्थ.

आता माझी स्वतःची कबुली देतो. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. दिवसभर पाठीवर पोती वाहत आणि रात्री चार-पाच भाकरी खात. त्यांच्या अंगाला त्या भाकऱ्या लागत, कारण ते घाम गाळीत. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मला खुर्ची मिळाली, फळा मिळाला, शाळेत जायला मोटारसायकल मिळाली. मात्र ताट वडिलांचेच राहिले. चार भाकऱ्या, वर भात, सुटीच्या दिवशी मटण, दिवसाकाठी सहा कप गोड चहा. विहारात मी मध्यम मार्गावर बोलत असे आणि घरी येऊन प्रसेनजितासारखा जेवत असे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलांना घेऊन नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. निम्म्या पायऱ्यांवर मला दम लागला, म्हणून मी बसलो. माझ्या आईच्या वयाची एक उपासिका, जन्मभर शेतात राबलेली, हातात मेणबत्त्यांची पिशवी घेऊन माझ्या शेजारून वर निघून गेली. मला लाज वाटली. परत आल्यावर रक्त तपासले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला.

त्याच दिवशी पत्नीचेही रक्त तपासून घेतले. तिचे हिमोग्लोबिन 8 निघाले. बाईचे ते निदान 12 असावे लागते. डॉक्टरांनी तिला विचारले, "घरात तुम्ही जेवता कधी?" ती म्हणाली, "सगळ्यांचं झाल्यावर." म्हणजे बंधूंनो, एकाच छपराखाली एका ताटात जास्त होते आणि दुसऱ्या ताटात कमी. मी अतिखाण्याने आजारी आणि ती उरल्यासुरल्यावर राहून आजारी. गावाने आपल्याला उष्टे दिले म्हणून आपण चवताळून उठलो, आणि माझ्याच घरात माझी पत्नी माझ्यामागून उरलेले खात होती. समतेवरची माझी सगळी भाषणे त्या दिवशी मला फिकी वाटली.

ही माझ्या एकट्याच्या घरची गोष्ट नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. एकीकडे उणे, एकीकडे अधिक. मात्रा दोन्हीकडे चुकली आहे.

म्हणून मात्रा जाणणे म्हणजे नुसते कमी खाणे, असा अर्थ करू नका. भगवंतांनी दोन्ही टोके पाहिली होती. सहा वर्षे त्यांनी देह वाळवला. त्यातून काही साधत नाही, हे कळल्यावर त्यांनी सुजातेची खीर स्वीकारली आणि मगच ते बोधिवृक्षाखाली बसले. आळवी नगरीची कथाही अशीच आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून दमून-भुकेलेला प्रवचनाला आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. भुकेल्याला आधी अन्न, ही आपल्या शास्त्याची रीत आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे. देव्हारा गेला, त्याबरोबर चतुर्थी-एकादशीही गेली. ते बरे झाले. साबुदाणा, तळलेले बटाटे आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन होणारा 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हा उपवास देहाच्या काही कामाचा नव्हता. पण जुने सोडून नवे व्रतवैकल्य करू नका. मांस खाणारा अपवित्र आणि न खाणारा पवित्र, असे धम्म मानीत नाही. भिक्खूंनी आजन्म मासे-मांस वर्ज्य करावे, अशी मागणी देवदत्ताने केली होती. भगवंतांनी ती सक्ती नाकारली. ज्याला शाकाहार करायचा त्याने खुशाल करावा, पण त्यावरून कुणाची उच्चनीचता ठरवू नये. आपल्याला विचारायचे आहे ते एवढेच : किती, केव्हा आणि कशासाठी?

पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांना एक विनंती. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, अंगावर पिणारे मूल असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. प्रज्ञेशिवाय शील आंधळे होते.

आता व्यायामाविषयी. भगवंतांनी चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे येरझाऱ्या घालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, कष्टाची ताकद येते, आरोग्य राहते, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. स्वतः भगवंत चालत गावोगाव धम्म सांगत फिरले. बुद्धगयेला त्यांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. आजचे वैद्यकही तेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्यात निदान 150 मिनिटे भरभर चालण्याएवढी हालचाल करावी. रोजची अर्धी घटका काढली की पुरत नाही, पण रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस काढला की हिशेब पुरा होतो. मुलांना मात्र रोज एक तास खेळू द्या. शिकवणीच्या नावाखाली त्यांचे मैदान काढून घेऊ नका.

मात्र जो बंधू दिवसभर बांधकामावर विटा वाहतो, जी भगिनी उन्हात खुरपते, त्यांना 'पहाटे उठून पळा' असे मी सांगणार नाही. त्यांच्या देहाला विश्रांती आणि पोषण हवे. चालण्याचा उपदेश माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्यांना आहे.

ताटात काय असावे? आपले जुने अन्न वाईट नव्हते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना गरिबांचे धान्य म्हणून हिणवले गेले. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने याच भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, तांदुळजा, चवळई, शेवग्याचा पाला, एखादे अंडे, परवडेल तेव्हा मासे. हे साधे जेवण पुष्कळ झाले. भाजीवर लिंबू पिळा, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा पिऊ नका, तो लोह अडवतो. मीठ दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभरच, पोटात जावे. त्यात पापड, लोणचे, सुकट आणि ठेचा यांतले मीठही धरा. दोन रुपयांची, पाच रुपयांची चटपटीत पुडी मुलांच्या हातात देऊन त्यांना शाळेत पाठवू नका. माझ्या वर्गात अशी मुले दुसऱ्या तासाला मान टाकतात, हे मी रोज पाहतो.

दारूविषयी वेगळे काय सांगू? पंचशीलात ती वर्ज्य आहे, बावीस प्रतिज्ञांत ती वर्ज्य आहे. पण त्याच सावधपणाने तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्याकडेही पाहा. देह आणि पैसा या दोहोंना लागलेली ती वाळवी आहे.

आणि आजार झाला तर भगताकडे, उताऱ्याकडे वळू नका. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हे तर धम्माचे मूळ सूत्र. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. फीत घेऊन कंबरही मोजावी. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर सावध व्हावे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पाय दुखत, दृष्टी मंदावत चालली होती. तशाही अवस्थेत त्यांनी ग्रंथ पुरा केला, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्याला दीक्षा दिली. त्यानंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी आपल्यासाठी देह झिजवला. त्यांच्या नावाने जयघोष करणाऱ्या आपण तो जिभेपायी आणि आळसापायी झिजवावा काय?

माझ्या घरी आता काय चालते ते सांगतो. आम्ही सगळे एकदम जेवायला बसतो. जे असेल ते मध्ये ठेवतो आणि पत्नीचे ताट सर्वांबरोबर वाढले जाते. माझा सुदस्सन म्हणजे माझी आठ वर्षांची मुलगी. मी तिसऱ्या भाकरीकडे हात नेला की ती नुसती माझ्याकडे पाहते. चार भाकऱ्यांवरून दोनवर यायला मला सहा महिने लागले. सर्वांत अवघड गेले ते आईला. ती आग्रहाने वाढायची आणि मी नको म्हटले की तिचे डोळे भरायचे. एके रात्री तिला प्रसेनजिताची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमाला पोट भरायचं तेवढं ठावं व्हतं बाबा. थांबायचं कोन शिकवणार?" आता संध्याकाळी विहारापर्यंत ती माझ्याबरोबर चालत येते. पत्नीचे हिमोग्लोबिन गोळ्या आणि जेवण यांनी 11 वर आले आहे. माझी साखर आटोक्यात आहे, गेलेली नाही. औषध चालू आहे.

बंधू-भगिनींनो, या वर्षावासात मोठा संकल्प करू नका. एक घास कमी करा किंवा ज्याच्या ताटात कमी पडते तिथे एक घास वाढवा. विहारात जेवणदान द्याल तेव्हा बिस्किटे आणि गोड सरबताऐवजी मोड आलेली मटकी, केळी, भाजी-भाकरी द्या. आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा पहिला घास घेण्याआधी घरातल्या प्रत्येक ताटाकडे एकदा पाहा. कुणाचे ताट अजून वाढायचे राहिले आहे का?

भवतु सब्ब मंगलं!