आधी स्वतःचं तोंड उघडा

बसा. वह्या मिटा. आज शिकवणार नाही, आज बोलणार आहे.

मागच्या जिन्याची भिंत मी आत्ताच बघून आले. रंग देऊन महिना झाला नाही, तर कोपऱ्यात पुन्हा पिचकाऱ्या. त्या जिन्याने पेशंट जात नाहीत, नातेवाईक जात नाहीत. तो जिना फक्त तुमचा आहे. आणि ती भिंत घासतात आपल्या मावशी, गुडघे दुखत असताना, तुमच्या आईच्या वयाच्या. लाज वाटू द्या.

पण मला खरा संताप आलाय तो परवाच्या आपल्या दातांच्या ओपीडीतल्या प्रकाराचा. पेठ तालुक्यातले एक बाबा आले होते. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा. तुमच्यापैकी एकाने केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, "बाबा, तंबाखू खाता का?" बाबांनी त्याच्या दातांकडे बघितलं आणि सहज म्हणाले, "तुमी पन खाता जनू, डाक्टर." झालं. पुढचा प्रश्न त्याच्या तोंडातून फुटेना. किती वर्षं खाता, दिवसातून किती वेळा, चुना घेता का, रात्री गालात धरून झोपता का, सगळं राहिलं. केसपेपरवरच्या त्या ओळी कोऱ्याच आहेत, माझ्या टेबलावर आहेत, येऊन बघा. सोड म्हणून सांगायचा अधिकार तुम्ही एका पुडीपायी घालवलात, आणि त्याची किंमत त्या म्हाताऱ्याने मोजायची?

२०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. खाणारे, मळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या खुर्चीत येणाऱ्या दर चौथ्या माणसाशी तुम्हाला हे बोलावंच लागणार. कुठल्या तोंडाने बोलणार?

"मॅडम, मी सिगारेट ओढत नाही, नुसता मावा खातो." हे मला तिसऱ्या वर्षातल्या मुलाने सांगितलं! अरे, सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. पेपरात तुम्ही हेच लिहिता आणि मार्क घेता. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाची आतली त्वचा पांढुरकी पडते, ताठ होते, बोटाला दोऱ्या लागतात. ते आखडलेलं तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, कितीही औषधं द्या. पंचविशीच्या आतली अशी तोंडं तुम्ही स्वतः तपासली आहेत. तरी त्याच दुपारी टपरीवर!

आणि ती टपरी. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा २००३ पासून आहे. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, सुटी सिगारेट २०२० पासून, आणि ज्याला तुम्ही फॅशन समजता ते वेप देशभर २०१९ पासून. पुडी कुणाच्या गल्ल्याखालून निघते, हे तुम्हाला पोलिसांपेक्षा जास्त माहीत आहे. टपरीवाल्याला दोष मी नंतर देईन. गिऱ्हाईक तुम्ही आहात.

ताण आहे म्हणता. आहे, कबूल. पेशंटचा कोटा पूर्ण करायचा, रात्र जागायची, घरून पैशांची ओढ. पण ताण सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बायकांना विचारा. मांडीवर सूप, दिवसभर मान खाली, नाकातोंडात जर्द्याची धूळ आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. त्या बायकांनी त्या पैशांत मुलं शिकवली. असे विड्यांच्या मजुरीवर शिकलेले माझ्या हाताखालून गेलेत. त्यांना तंबाखूला हात लावणं भाग होतं. तुम्हाला कुणी भाग पाडलंय?

आर. आर. पाटील कोण होते, ते तुमच्या आई-वडिलांना विचारा. राज्याचे गृहमंत्री होते, माणसांत राहणारा माणूस. १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले, अवघे ५७ वर्षांचे, तोंडाच्या कर्करोगाने. शरद पवारांवर २००४ मध्ये याच आजारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. सत्ता, पैसा, उत्तमातले उत्तम डॉक्टर, सगळं हाताशी असणाऱ्यांची ही गत. तुमच्याकडे काय आहे? आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं ओळखपत्र? ते विद्यापीठ याच नाशकात, दिंडोरी रोडवर आहे. त्याची पदवी घ्यायला निघालात ना?

सोडणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, हात खिशाकडे जातो. म्हणून मदत मागायची. १८००-११-२३५६, फुकट नंबर आहे, तुम्ही चुरगाळून फेकता त्या पाकिटावरच छापलेला.

आता ऐका. सोमवारी सकाळी नऊला, पेशंट आत घ्यायच्या आधी, सगळ्यांनी जोड्या लावून एकमेकांचं तोंड तपासायचं. मुलींनीही. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं, मग आरसा घेऊन दोन्ही गाल, जीभ, जिभेखाली. नीट नोंद करायची, मित्र आहे म्हणून काही गाळायचं नाही. ज्याची तीन बोटं जात नाहीत त्याने त्याच दिवशी माझ्या खोलीत यायचं. दार लावून घेईन, घरी कळवणार नाही, पण उपचार त्याच दिवशी सुरू होतील. आणि ज्याच्या खिशात पुडी सापडेल, त्याने त्या दिवशी पेशंटला हात लावायचा नाही.

वह्या उघडा.