कॅम्पडनच्या बाजारात, सावकाश

आज मनाने एका गावी जाऊ. घाई नको. श्वास त्याच्या गतीने चालू द्या.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उत्तर टोकाला चिपिंग कॅम्पडन हे बाजाराचं गाव आहे. बाराव्या शतकापासून तिथे राजाच्या सनदेने बाजार भरत आला. हाय स्ट्रीटच्या मधोमध एक दगडी मंडई उभी आहे. तिच्या कमानी उघड्या आहेत आणि छपरावर कौलांऐवजी दगडाच्या चिपा आहेत. लोणी, चीज, कोंबड्या विकायला येणाऱ्यांना आडोसा मिळावा म्हणून सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी ती 1627 साली बांधली. मनाने आत या आणि आधी पायाखाली बघा.

जमीन सपाट नाही. दगड खालीवर झालेत, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. प्रत्येक उंचवटा तळपायाला कळतो, त्यामुळे चाल आपोआप मंदावते. मंदावू द्या. इथे टोपल्या टेकल्या, भाव ठरले, घासाघीस झाली. पहाटे लोणी घुसळून, ते ओल्या फडक्यात गुंडाळून चालत आलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. हिक्सचं नाव इतिहासात आहे, तिचं नाही. पण हा दगड झिजवण्यात तिचाही वाटा आहे. घटकाभर तिच्याजवळ थांबा.

आता कमानीतून रस्त्याकडे पाहा. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं एकमेकांना खेटून, रस्त्याच्या वळणाबरोबर वळत गेली आहेत. हा सगळा थाट मेंढरांच्या पाठीवरून आला. इथली लोकर फ्लँडर्सला आणि इटलीला जायची. विल्यम ग्रेव्हेल हा इथला मोठा व्यापारी. त्याचं चौदाव्या शतकातलं घर अजून याच रस्त्यावर आहे. 1401 साली तो गेला. सेंट जेम्स चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर पितळी पत्रा आहे, आणि त्यावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांमधलं फूल म्हटलं आहे. पुढे लोकरीचा धंदा ओसरला, गाव मागे पडलं. जुनी घरं पाडून नवी उठवण्याइतका पैसा फारसा कुणाच्या गाठीला उरला नाही. आज पर्यटक ज्या रस्त्यासाठी येतात, तो असा ओढगस्तीनेही राखला. हा विचार जरा मनात मुरू द्या. पडत्या काळानेही काही सांभाळून ठेवलेलं असतं, आपल्याही घरांत, आपल्याही पेठांत.

चर्चच्या दिशेने चला. वाटेत हिक्सने 1612 साली गरीब वृद्धांसाठी बांधलेली घरांची ओळ लागते, बारा जणांसाठीची. त्याच हिक्सने चर्चशेजारी स्वतःसाठी मोठा वाडा उभारला होता. इंग्लंडच्या यादवी युद्धात 1645 साली राजाच्या सैन्याने गाव सोडताना तो जाळला. आज मुख्यतः त्याचं प्रवेशद्वार आणि बागेतल्या मेजवानीच्या छोट्या इमारती उरल्या आहेत. वृद्धांच्या घरांत मात्र अजून माणसं राहतात. कॅम्पडनमध्ये माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतं ते हे: मालकाचा वाडा गेला, आणि त्याने दुसऱ्यांसाठी बांधलेलं टिकलं. दोन्हींकडे एकदा आळीपाळीने पाहा. मनात निष्कर्ष काढण्याची घाई करू नका.

1902 साली या गावात अनोळखी माणसं राहायला आली. चार्ल्स रॉबर्ट ॲशबी यांनी लंडनच्या ईस्ट एंडमधले आपल्या हस्तकला संघाचे कारागीर, त्यांच्या बायकामुलांसकट, इथे आणले. हाताने केलेलं काम माणसाला माणूस ठेवतं, ही त्यांची श्रद्धा होती. जुन्या रेशीम गिरणीत सोनारकाम, सुतारकाम, छपाई सुरू झाली. 1908 पर्यंत संघ आर्थिकदृष्ट्या कोलमडला. पण शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनला राहणाऱ्या आनंद कुमारस्वामींनी त्याच सुमारास, विल्यम मॉरिस यांनी वापरलेल्या छापखान्यावर, सिंहली कलेवरचा आपला मोठा ग्रंथ छापून घेतला. भारतीय कलेकडे आदराने पाहायला जगाला शिकवणाऱ्या या माणसाची पावलंही या गल्ल्यांतून फिरली, हे आपण आठवणीत ठेवायला हवं.

पुन्हा मंडईत या. 1940च्या दशकात ही इमारत एका अमेरिकनाला विकली जाण्याच्या बेतात होती. गावकऱ्यांनी पैसे उभे केले, ती विकत घेतली आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली. दगड आपोआप टिकत नाहीत. कुणीतरी वेळेवर उठावं लागतं.

खरोखर कधी कॅम्पडनला गेलात, तर फोटो काढून लगेच बसमध्ये चढू नका. रेशीम गिरणीचा जिना चढून वर जा. ॲशबींच्या संघातल्या जॉर्ज हार्ट यांच्या वारसांनी चालवलेली चांदीकामाची कार्यशाळा तिथे आहे. छताला जुन्या पावत्यांचे गठ्ठे लटकलेले दिसतील. हातोडीचं काम निवांत बघा, आणि परवडलं तर त्या हातांनी घडवलेला एखादा चमचा विकत घ्या.