पुन्हा त्याच ठिपक्यावर

फुटबॉलमध्ये पेनल्टीचा ठिपका गोलपासून बारा यार्डांवर असतो. चेंडू ठेवायचा, चार पावलं मागे यायचं आणि मारायचा. लांबून बघताना यात काय मोठं, असं वाटतं. सादिओ मानेची वाटचाल समजून घेतल्यापासून मला मात्र ते बारा यार्ड फार लांबचे वाटू लागले आहेत.

माने सेनेगलच्या दक्षिणेकडच्या बांबाली या खेड्यातला. वडील इमाम होते. ते आजारी पडले तेव्हा गावात रुग्णालय नव्हतं. ते वारले, तेव्हा हा जेमतेम सात वर्षांचा. पुढे डाकारला निवड चाचणीला गेला, तर तिथल्या वयस्क गृहस्थांची नजर आधी गेली ती त्याच्या फाटक्या बुटांवर. हे बूट घालून खेळणार? माझ्याकडे आहेत त्यातले हेच चांगले, असं तो म्हणाला. खेळला आणि निवडला गेला. मग फ्रान्समधलं मेट्झ, ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग, इंग्लंडमधलं साउदम्प्टन. तिथे 2015 मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध 2 मिनिटं 56 सेकंदांत तीन गोल. पुढे लिव्हरपूल, 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग, 2020 मध्ये प्रीमियर लीग.

युरोपनं त्याला सगळं दिलं. पण देशाची जर्सी अंगावर आली की तो ठिपका आडवा यायचा. 2017 च्या आफ्रिका चषकात कॅमेरूनविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये सेनेगलच्या चौघांनी गोल केले, पाचवा माने हुकला. संघ घरी परतला. 2019 च्या स्पर्धेतही त्याच्या दोन पेनल्टी वाया गेल्या.

6 फेब्रुवारी 2022. याउंदे, आफ्रिका चषकाचा अंतिम सामना, समोर इजिप्त. सातव्याच मिनिटाला सेनेगलला पेनल्टी मिळाली. मानेनं जोरात मारलेला चेंडू गोलरक्षक गाबास्कीनं अडवला. बाहेर प्रशिक्षक आलियू सिसे उभे होते. वीस वर्षांपूर्वी, 2002 च्या अंतिम सामन्यात, त्यांचीच पेनल्टी हुकली होती आणि चषक कॅमेरूनकडे गेला होता. सेनेगलनं तोवर तो एकदाही जिंकला नव्हता. मानेच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, हे सिसेंइतकं त्या मैदानावर दुसऱ्या कुणाला कळलं असेल, असं मला वाटत नाही.

एकशे वीस मिनिटं गोल झाला नाही. पुन्हा शूटआउट, आणि पाचव्या पेनल्टीला पुन्हा माने. तोच गाबास्की समोर.

भर सभेत भाषण विसरलेला माणूस पुढे कायम माइकपासून चार हात लांब राहतो. नापास झालेलं पोर शाळेचा रस्ता टाळतं. मीही असे काही रस्ते टाळत आलो आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो : हुकण्याची भीती एकवेळ पचते, जिथे आधी हुकलो, सगळ्यांनी पाहिलं, तिथेच परत जाऊन उभं राहणं फार जड जातं. हा माणूस मात्र तिथेच परत जातो. वडिलांच्या आजारपणात ज्या गावात रुग्णालय नव्हतं, त्याच गावात त्यानं स्वतःच्या पैशांनी रुग्णालय उभारलं. ते 2021 मध्ये सुरू झालं.

त्या रात्री त्यानं चेंडू ठेवला, धावला, मारला. गोल. सेनेगल 4-2 नं जिंकलं आणि आफ्रिका चषक पहिल्यांदा त्यांच्या हाती आला.

सात आठवड्यांनी विश्वचषकाच्या पात्रतेसाठी डाकारजवळच्या नव्या मैदानावर पुन्हा इजिप्तच समोर आलं. पुन्हा शूटआउट. सेनेगलची पाचवी पेनल्टी घ्यायला माने पुढे आला, आणि त्या गोलनं संघ कतारच्या विश्वचषकाला पात्र ठरला. दुखापतीमुळे त्याला स्वतःला मात्र तिथे खेळता आलं नाही.