गट्टी आणि गट

भाची सातवीत आहे. परवा घरी आली ती तोंड पाडूनच. "कोणी कट्टी केली का गं?" विचारलं, तर माझी कीव करत म्हणाली, "आत्या, आमच्यात कट्टी नसते. आणि मला काढलं पण नाहीये. ग्रुप आहे तसाच आहे. त्यांनी माझ्याशिवाय दुसरा केलाय."

तेव्हापासून मला कट्टीबद्दल आदर वाटू लागला आहे. करंगळी पुढे करून ती तोंडावर सांगावी लागे. दोन बोटं जोडली की बट्टी. जिच्याशी कट्टी, ती कालपर्यंत आपली होती, एवढं तरी त्यात कबूल असे. गट्टी मोडायची तर समोर यावं लागतं. गटाला नुसतं सरकून बसलं की पुरतं.

भाऊ म्हणतो, "ताई, पोरखेळ आहे हा. शिकेल जमवून घ्यायला." हा स्वतः ऑफिसात सगळे चहाला उठले की तलफ नसतानाही उठतो, ते सोडा.

१९५१ साली सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजातल्या मुलांना सारख्या लांबीची रेघ ओळखायला सांगितली. एक सोडून बाकी सगळे पढवलेले, ठरवून चूक सांगणारे. त्या एकट्याची जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे वाहवत गेली. बरोबर बोलणारा एकच साथीदार दिला, तर हे प्रमाण आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आलं.

मला असा साथीदार पाचवीत मिळाला. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यांच्याच डब्यात भाकरी. तालुक्याच्या हायस्कुलात मात्र पोळ्यांच्या घड्या. मी झाकण अर्धंच उघडून खायची. महिनाभराने शेजारच्या मुलीच्या डब्यातही भाकरी दिसली, वर ठेचा. (काय ठेचा होता! हिरव्या मिरच्या तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडलेल्या, दाणे जाडसर.) मी झाकण बाजूला ठेवलं.

पुढे कितीतरी वर्षांनी तिची आई म्हणाली, "आमच्यात भाकरी कोण खातंय? हिनंच हट्ट धरला. शेजारणीकडून थापायला शिकले मी."

म्हणजे तीही खपून जायलाच बघत होती. वर्गात नव्हे, माझ्या डब्याशेजारी. 'आपण आहोत तसं राहावं' हे पटवायला मी हीच गोष्ट सांगत आले, आणि तिच्यात आहे तसं राहिलं होतं कोण? भावाचं 'जमवून घेणं' आता मला पुरतं खोडता येत नाही. कोणाशी, एवढंच त्याला विचारते.

रात्री भाचीला विचारलं, "नव्या ग्रुपात तुझ्याशिवाय आणखी कोणाला घेतलं नाही?"

तिने फोनवर नावं मोजली. "एक आहे. पण ती फार बोलत नाही."