माणसं मोजली, तहान कोण मोजणार?

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा. पट्ट्यातल्या विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. म्हणून गोड्या पाण्यासाठी सगळ्यांची नजर डोंगराच्या पायथ्याकडे. तिथे संत्र्याच्या बागा, बागांसाठी बोअरवेल. एक आटली की दुसरी, आणखी खोल. डोंगरातल्या अस्वलाला, बिबट्याला मात्र बोअर मारता येत नाही. झरा आटला की त्याचा इलाज संपला.

लोकसंख्येला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी. तोंडं वाढली की तहान वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हा विषय निघाला की बोट आपल्या मोहल्ल्याकडे वळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये २.४. देशाची सरासरी २.०. अंतर झपाट्याने मिटत आहे.

तरी एवढ्याने आपण सुटत नाही. चार माणसांचं घरही दहा माणसांच्या घराहून जास्त पाणी उपसू शकतं. वाहत्या नदीकाठी वजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो आणि नळ सोडून गप्पा मारतो. जमीन, पाणी ही मिल्कियत नव्हे, अमानत आहे. हिशेब फक्त घरातल्या माणसांचा होणार नाही. आपल्यामागे झऱ्यात किती पाणी उरलं, याचाही होईल.